देवाचा वार

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणाचं डोकं कोणत्या गावात फुटलं आणि कोणाची म्हैस कोणत्या ओढ्यात सापडली, हे विचाराल तर मी गोंधळेन. पण एका बाईची साक्ष मला शब्दन् शब्द आठवते, आणि ती आठवली की या वयातही माझे कान गरम होतात. कारण त्या केसमध्ये चोरानं केलं नसेल तेवढं नुकसान मी केलं होतं.

या हकिकतीत मी कोणाचं नाव सांगणार नाही. एक नाव मात्र सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. सगळी केस त्या एका नावापाशीच अडली होती. ते त्याच्या जागी येईलच.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. मी सातारा जिल्ह्यातला, लोणंदकडचा. फौजदार होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच मला सांगली संस्थानाकडून आलेल्या कृष्णाकाठच्या एका ठाण्याचा चार्ज घ्यायला पाठवलं. दारावरची पाटी नव्यानं रंगवली होती, पण उन्हात खालची जुनी अक्षरं दिसायची. शिपायांच्या निम्म्या कोटांना अजून संस्थानची बटणं होती. पहिल्याच दिवशी मी स्टेशन डायरी मागितली, तर हवालदारानं मोडीत लिहिलेली वही पुढे ठेवली. मी म्हटलं, "उद्यापासून बाळबोधीत, देवनागरीत लिहायचं." तो म्हणाला, "लिवतो की सायेब. पर तवर चोर घरी जाऊन जेवंल."

कोर्टाचीही तीच गत होती. संस्थानच्या काळात न्यायाधीश पंचक्रोशीतल्या माणसांना बापजाद्यांपासून ओळखत. दोन्हीकडचं ऐकायचं, गावच्या चार जाणत्यांकडे बघायचं आणि दिवस कलायच्या आत निकाल सांगायचा. चुकला तर चुकला. आता तसं राहिलं नव्हतं. नवे मॅजिस्ट्रेट आले, नवे कायदे लागू झाले, आरोपीला वकील देता येऊ लागला, साक्षीदाराची उलटतपासणी होऊ लागली. कारकुनानं प्रत्येक साक्ष बाळबोधीत लिहायची, संपली की साक्षीदाराला पहिल्यापासून वाचून दाखवायची, त्यानं बरोबर म्हटलं की मग सही किंवा अंगठा. आम्हां पोलिसांना ही वाचून दाखवायची रीत म्हणजे शुद्ध कटकट वाटायची. जेवून उठलेल्या माणसाला काय काय जेवलास ते परत सांगत बसायचं, असं मी चारचौघांत म्हणत असे. लोक हसत, मलाही बरं वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका मंगळवारी सकाळी फिर्याद आली. नदीकाठी एका जैन शेतकऱ्याचा ऊस होता आणि पाणी उपसायला तेलावर चालणारं इंजिन. आदल्या दिवशी, सोमवारी, दिवस मावळताना कोणीतरी इंजिनाच्या खोपीत शिरून त्याचे पितळी भाग खोलले. राखणदार म्हातारा चाहूल लागून आत गेला, तर त्याच्या डोक्यात पाना घालून माणूस शिव्या हासडत पोत्यासकट पसार झाला. म्हातारा वाचला, पण आठ दिवस अंथरुणातून उठला नाही. अंधार पडत आल्यामुळं तोंड दिसलं नाही, पायात बुटं होती एवढंच तो सांगू शकला. मी पंच बोलावून पंचनामा केला. ओल्या मातीत बुटाचा ठसा होता, तळाचे खिळेसुद्धा मोजता आले असते.

खबर त्याच दुपारी आली. खबर द्यायला आलेला माणूस आधी पाणी मागतो, मग ऊन फार आहे म्हणतो आणि उठता उठता मुद्द्याचं बोलतो. हाही तसाच उठला आणि म्हणाला, "इंजनाचं नट खोलायची अक्कल ह्या टापूत एकाच्याच हातात हाय सायेब. फिटरच्या. आन बुटं बी त्योच घालतो."

फिटर म्हणजे लढाईवरून परत आलेला एक जवान. पलटणीत मोटारींच्या इंजिनांवर काम शिकला होता, त्यामुळं गावात त्याला फिटर याशिवाय दुसरं नाव उरलं नव्हतं. मीही त्याला तेच म्हणत असे. खरं नाव कागदावर लिहिलं आणि विसरलो. तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला कमी. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, घरात तो आणि बायको दोघंच. पंपाची कामं करायची, सायकली दुरुस्त करायच्या, असं त्याचं चाललेलं असे.

मी त्याला ठाण्यावर आणलं. बूट ठशाला जुळते होते. असे पलटणीचे बूट तेव्हा बाजारात ढिगानं विकायला येत, हे मला माहीत होतं, पण हातात आलेल्या पुराव्यावर शंका घ्यायचं ते वय नव्हतं.

"सोमवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"दवाखान्यात गेलो हुतो सायेब. मंडळींना हिवताप भरला हुता. औषिद घिऊन घरी आलो. मग घरातच."

"घरात काय करत होतास?"

तो खाली बघू लागला. मी आवाज चढवला. उन्हात उभं केलं, परत आत आणलं, परत तेच विचारलं. दवाखान्यापर्यंत सरळ सांगायचा आणि घरात शिरला की गप्प व्हायचा. शेजाऱ्यांना विचारलं, तर त्या संध्याकाळी त्याचं दार आतून लावलेलं होतं, म्हणजे तो आत होता की नाही कोणाला ठाऊक नाही. गुन्हेगाराची मान कशी खाली जाते हे मी पुस्तकात शिकून आलो होतो. त्याची मान तशीच गेली होती.

मग मी माझा हुकमी डाव टाकला. नवराबायकोला वेगवेगळं विचारायचं आणि ताडून बघायचं. त्याला कोठडीत ठेवून, गावात बातमी पोचायच्या आत मी त्याच्या घरी गेलो. बाई दाराआडून बोलली. तापानं उतरलेली, डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, वय पंचविशीच्या आत.

"तुझा नवरा औषध आणायला कधी गेला होता?"

"देवाच्या वारी," ती म्हणाली. "सांजचं बाटली घिऊन गेलं, दिवं लागल्यावर आलं."

मी लिहिलं, 'रविवारी संध्याकाळी'. आमच्या घरचा देव खंडोबा. आमच्याकडं देवाचा वार म्हणजे रविवार. दुसरा कुठला असू शकतो, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि रविवारी तर तालुक्याचा दवाखाना बंद. म्हणजे नवरा सोमवार म्हणतो, बायको रविवार म्हणते, आणि रविवारी औषध मिळणंच शक्य नाही. दोघांनी मिळून रचलेली थाप, आणि रचतानाच फसलेली. सायकलवरून परत येताना मी शीळ घालत होतो, हे लिहायला आज लाज वाटते.

ठाण्यावर येऊन मी तो कागद त्याच्यापुढं धरला. "बायको रविवार म्हणते."

त्यानं कागद वाचला. "ती आसं म्हणायची न्हाई सायेब."

"मग मी खोटं लिहिलं?"

त्यानं कागद परत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तापात हुती. बरळली आसंल. तिला ह्यात वडू नगा." एवढं बोलून त्यानं माझ्याशी बोलणंच सोडलं. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. दवाखान्याचं रजिस्टर सोमवारचं उघडून बघावं, हे साधं काम मी केलं नाही. थाप सापडल्यावर तपास कशाला करायचा?

दोषारोपपत्र गेलं. जामिनाला कोणी उभं राहिलं नाही. मुद्देमाल सापडला नव्हता, पण बूट, कसब आणि खोटा बचाव एवढं मला पुरेसं वाटत होतं. दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकत होती. प्रत्येक तारखेला त्याची बायको सांगलीच्या कोर्टापर्यंत चालत यायची आणि आवारातल्या झाडाखाली गाठोडं घेऊन बसायची. गाठोड्यात भाकरी असायची. शिपाई दया येऊन तेवढी त्याला द्यायला परवानगी देत. तो खायचा, ती बघायची. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलताना मी पाहिलं नाही. निम्म्या तारखा तर पुढची तारीख पडण्यातच जायच्या, आणि ती आली तशी चालत परत जायची.

मॅजिस्ट्रेट कोकणातले होते. सडपातळ, चष्मेवाले, पट्टेवाल्यालाही अहोजाहो करणारे, पण कायद्याच्या बाबतीत तसूभर इकडंतिकडं होऊ न देणारे. त्यांचा कारकून संस्थानच्या दरबारातला म्हातारा. मोडी त्याच्या हातून पाण्यासारखी वाहायची. बाळबोध लिहिताना मात्र तो जिभेचं टोक दातांत धरायचा.

मी तपासी अंमलदार म्हणून साक्ष दिली. फिटरच्या वकिलानं, नवीनच सनद घेतलेल्या एका मुलासारख्या दिसणाऱ्या माणसानं, मला दोन-तीन गोष्टी विचारल्या. मी ठणकावून उत्तरं दिली. मग बचावाच्या बाजूनं बाईला पिंजऱ्यात बोलावलं.

बाईमाणूस साक्षीला आलं की कारकून तिचं पूर्ण नाव समन्सवरून स्वतःच वाचायचा आणि तिनं मान हलवायची. नवऱ्याचं नाव तिला घ्यावं लागू नये म्हणून ही जुनी सोय होती. त्यानं पुटपुटत वाचलं, हिनं मान हलवली. शपथ झाली.

वकिलानं विचारलं, "त्या दिवशी काय झालं, ते साहेबांना सांगा."

"मला हिवताप भरला हुता जी. धनी बाटली घिऊन दवाखान्यात गेलं. दिवं लागल्यावर आलं. मग दार लावून घ्यातलं."

"दार कशाला लावलं?"

तिनं आरोपीकडं चोरून बघितलं. "भाकरी थापल्या."

"कोणी?"

"त्येंनी."

कोर्टात खसखस पिकली. आरोपीच्या जागेवरून फिटर कळवळून म्हणाला, "आगं, त्ये कशाला सांगतीस!" मॅजिस्ट्रेटांनी टेबलावर पेन्सिल आपटली आणि सगळे गप्प झाले.

"तुम्ही खाल्ल्या त्या?" वकिलानं विचारलं.

"व्हय जी. लय जाड झाल्या हुत्या. पर खाल्ल्या."

ठाण्यावर त्याची मान खाली का गेली होती, हे मला तिथं कळलं. बायको आजारी म्हणून चुलीपुढं बसला आणि कोणी बघू नये म्हणून दार लावून घेतलं, एवढंच ते. पलटणीतला माणूस, त्याला स्वयंपाक येत होता. पण गावात हे समजलं असतं तर पोरांनी त्याला जगू दिलं नसतं. चोरीचा आळ त्याला सोसवला, हे सांगणं सोसवलं नाही.

"वार कोणता होता?"

"देवाचा वार."

वकील गडबडला. "म्हणजे सोमवार ना बाई?"

पोलीस प्रॉसिक्यूटर ताडकन उठले. "हरकत आहे. वकील साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालताहेत." मॅजिस्ट्रेटांनी हरकत मान्य केली, आणि वकिलाचा चेहरा उतरला.

उलटतपासणीत प्रॉसिक्यूटरांनी एकच धागा धरला. "देवाचा वार म्हणजे रविवार. होय की नाही?" बाई गोंधळली, पदर तोंडाशी धरला, आणि तो होकारच धरला गेला. "रविवारी दवाखाना बंद असतो, माहीत आहे?" ती म्हणाली, "व्हय जी." ते एवढंच म्हणवून घ्यायला टपले होते. खाली बसताना माझ्याकडं बघून त्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

मग ती कटकट सुरू झाली, साक्ष वाचून दाखवण्याची. कारकून एकसुरी वाचत होता. हिवताप, बाटली, भाकरी, सगळ्याला ती "व्हय जी" म्हणत होती. त्यानं पुढं वाचलं, "तो देवाचा वार म्हणजे रविवार होता."

"न्हाई जी," ती म्हणाली.

कारकून थांबला.

"म्या ऐतवार म्हणलंच न्हाई. त्या सायबास्नीबी म्हणलं न्हवतं." तिनं माझ्याकडं बोट केलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कोणता देव?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"मादेव जी. आमच्या गावचा."

प्रॉसिक्यूटर हसत उठले. "साहेब, खंडोबासुद्धा महादेवाचाच अवतार. रेकॉर्डवर वार पाहिजे, देव नको. बाईनं वाराचं नाव सांगावं."

"सांगा बाई. वाराचं नाव सांगा."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ऐतवाराच्या दुसऱ्या दिशीचा," ती कशीबशी म्हणाली. "मंगळवाराच्या आलीकडचा."

लोक पुन्हा हसले. ऐतवार म्हणते, मंगळवार म्हणते, मग मधल्याचं नाव घ्यायला काय झालं हिला? आणि त्याच क्षणी माझी नजर हातातल्या दोषारोपपत्राच्या पहिल्या ओळीवर गेली. आरोपीचं नाव, माझ्याच अक्षरात लिहिलेलं. सोमा.

माझ्या आजोबांचं नाव हरी. माझी आई जन्मभर हरभऱ्याला 'घोड्याचा दाणा' म्हणत आली, कारण सासऱ्याचं नाव तोंडात यायला नको. अशा घरात वाढलेला मी, नवऱ्याचं नाव सोमा असलेल्या बाईनं सोमवार म्हणावा अशी अपेक्षा करत होतो. तिच्या घरी लग्नापासून त्या वाराला देवाचाच वार म्हणत असणार. तीन महिने तो माणूस आत होता, आणि ज्या शब्दानं सुटला असता तो शब्द त्याचंच नाव होतं.

मी प्रॉसिक्यूटरांच्या कानाशी वाकलो. "साहेब, रविवार तिनं सांगितला नव्हता. तो मी लिहिला."

"खाली बसा," ते दातांतून म्हणाले. "स्वतःची केस बुडवता काय?"

मी बसलो. खरंच बसलो, हे कबूल केलं पाहिजे. नोकरी नवी होती, वर ताशेरे गेले तर बढती गेलीच म्हणून समजा. समोर ती बाई पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघायचंही सोडून दिलं होतं. मी पुन्हा उठलो आणि थेट मॅजिस्ट्रेटांना म्हणालो, "साहेब, तपासात माझी चूक झाली आहे. बाईनं मला देवाचा वार एवढंच सांगितलं होतं. रविवार हा माझा अर्थ. आणि आरोपीचं नाव बघावं, अशी विनंती आहे."

मॅजिस्ट्रेटांनी कागद उचलला, नाव वाचलं आणि चष्मा काढला. कोर्टातल्या बायकांना तोवर कळलं होतं. मागं कोणीतरी "आगं बया" म्हणालं.

आता सगळ्यांना सगळं समजलं होतं. साहेबांनी 'सोमवार का?' विचारावं, बाईनं मान हलवावी, संपलं, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "फौजदारांनी हिच्या तोंडात एक वार घातला, म्हणून हे झालं. मी दुसरा घालणार नाही. वरचं कोर्ट या बाईला बघणार नाही, तिचा कागद बघेल. शब्द तिचाच पाहिजे."

बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझ्या जिभंवर न्हाई येत जी," ती म्हणाली. "धन्याचं आयुष्य कमी हुतं म्हंत्यात."

तेव्हा म्हातारा कारकून लेखणी ठेवून उठला. संस्थानी रिवाजाप्रमाणं कमरेत वाकून म्हणाला, "सरकार, परवानगी असेल तर सुचवतो. बायकांना नाव घ्यायची एक वाट मोकळी असते. उखाण्यात घेतलेलं नाव बाधत नाही."

प्रॉसिक्यूटर काहीतरी म्हणणार होते. मॅजिस्ट्रेटांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मग बाईला म्हणाले, "लग्नात घेतलं होतंत ना? तसं घ्या. इथं कोणी हसणार नाही." आणि त्यांनी सगळ्या कोर्टावरून अशी नजर फिरवली की खरंच कोणी हसलं नाही.

तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. जरा वेळ विचार केला. मग खाली बघत, पण स्वच्छ आवाजात म्हणाली,

"कडू कडू औषिदाची घशात उतरली धार,
सोमारावांचं नाव घेते, त्योच हुता वार."

कोर्टात पंखा ओढणारा गडीसुद्धा थांबला होता. मी फिटरकडं बघितलं. इतक्या तारखांत ज्याच्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नव्हतं, तो माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता.

"साहेब, हे कसं लिहू?" कारकुनानं विचारलं.

"जसं म्हणाली तसं. एक अक्षर इकडचं तिकडं व्हायला नको."

त्यानं जिभेचं टोक दातांत धरून लिहिलं. आणि नियम तो नियम. लिहून झाल्यावर उखाणाही त्याच एकसुरी आवाजात तिला वाचून दाखवला. बाई लाजून पिंजऱ्यात खालीच बसली. "बरोबर आहे?" असं विचारल्यावर आतून "व्हय जी" आलं. मग अंगठा झाला.

मॅजिस्ट्रेटांनी कंपाउंडरला दवाखान्याच्या रजिस्टरसकट समन्स काढलं; नवख्या वकिलालाही ते आधी सुचलं नव्हतं. पुढच्या तारखेला सोमवारचं संध्याकाळचं पान उघडलं. शेवटची नोंद तिच्याच नावाची होती, हिवताप, औषधाची बाटली एक. कंपाउंडरला माणूसही आठवत होता. दवाखाना बंद करायला घेतला होता, कंदील लावून बाटली भरून दिली आणि किती घ्यायचं त्याच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवली, असं त्यानं सांगितलं. तिथून ती खोपी तीन कोस, नदीच्या पलीकडं. फिटर निर्दोष सुटला. खरा चोर मला पुढं चार महिन्यांनी मिळाला. त्याच्या पायांत बाजारातून घेतलेले पलटणीचेच बूट होते, आणि राखणदार म्हाताऱ्यानं त्याचा आवाज ओळखला.

निकालानंतर मॅजिस्ट्रेटांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. मी सलाम करून उभा राहिलो. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा उठलात म्हणून ताशेरे मारत नाही. पहिल्यांदा बसलात, ते तुमचं तुम्ही बघा." आजवर मला मिळालेली सगळ्यात कडक शिक्षा तीच.

पुढं तीस वर्षं मी हजारो लोकांना प्रश्न विचारले. त्या दिवसानंतर प्रत्येक जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहिला, आणि कायदा सांगत नसला तरी त्याला वाचून दाखवला. हाताखालचे लोक वैतागायचे, वेळ जातो म्हणायचे. जुन्या कोर्टातली माणसं माणसांना ओळखत होती, हे खरं. पण ओळख असली की आपण समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करतो, आणि मी तर ओळख नसतानाही केलं. नवं कोर्ट कोणाला ओळखत नव्हतं, म्हणून ऐकत होतं. आणि ऐकूनही जिथं अडलं, तिथं त्या संस्थानी म्हाताऱ्याला वाट ठाऊक होती. मला दोन्ही गोष्टींचा आदर वाटतो.

निकालाला आठवडा झाला असेल. दुसऱ्या कामासाठी सांगलीला गेलो होतो. कोर्टाच्या नकला मिळायच्या खिडकीपाशी फिटर उभा दिसला. मला बघून त्यानं पलटणीतला सलाम ठोकला. मला तो घेववेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "माझ्या हातून तुझ्यावर मोठा अन्याय झाला." तो म्हणाला, "झालं गेलं सायेब. तुमी उठला, ते बी बघितलंय म्या."

"निकालाची नक्कल हवी आहे का?"

"न्हाई. निकाल काय करायचाय? तिच्या जबानीची पायजे."

त्याला अर्ज लिहिता येत होता, पण कोर्टाची भाषा जमत नव्हती. मी तिथल्या बाकावर बसून लिहायला घेतला. खटल्याचा क्रमांक, साक्षीदाराचं नाव, तारीख, सगळं भरलं. शेवटी नक्कल कशासाठी पाहिजे तो रकाना होता. अशा ठिकाणी 'कोर्टकामी' असं लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिणार होतो. मग हात थांबवून त्याला विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं, कोणी ऐकत नाही याची खात्री केली. "लग्नात तिनं नाव घेतलं, तवा वाजंत्र्यात मला ऐकूच आलं न्हाई. आन आता ती परत कवा घ्यायची न्हाई. लिवलेलं घरात आसलं म्हंजे बरं."

मी ते तसंच लिहिलं, एकही शब्द न बदलता, आणि वाचून दाखवलं. "बराबर हाय," तो म्हणाला आणि त्यानं सही केली.